लांब डोक्यांचं घराणं

कापसाच्या त्या तेजीत जन्मलेला माणूस वऱ्हाडात मागून ओळखू यायचा. डोक्याची मागची एक बाजू चपटी, हमखास. पुढे तो जमादार होवो की बुवा होवो, पाठमोरा झाला की गावातल्या म्हाताऱ्या एकमेकींना कोपर मारून म्हणायच्या, "हा तेजीतला बरं!"

याचं कारण मोर्णा नदीकाठच्या मनकर्णाबाईला विचारावं. ती म्हणायची, "सात समुद्रापल्याड कोनाची तरी लढाई लागली, अन् इकडे आमच्या पोराइची डोकी चेपली." लढाई अमेरिकेतली. तिथला कापूस अडला, विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या काळ्या मातीची आठवण झाली आणि गावातल्या झाडून साऱ्या बाया वेचणीला गेल्या. बाळंतीण विसाव्या दिवशी शेतात. पोर कापसाच्या ढिगावर, आईकडे तोंड करून, दिवसभर एकाच कुशीवर. ढीग मऊ, पोर गुमान, आणि डोकं ठेवलं तसं बसलेलं.

"कापूस मऊ असते म्हून काय झालं?" मनकर्णाबाई चिडून विचारायची. "मऊ गादीवर निजनाऱ्याचीच मान धरते, घोंगडीवरच्याची नाही धरत."

मनकर्णाबाई जातीची माळीण. अकोल्यापासून तीन कोसांवर, नदीच्या वळणावर तिचा मळा. वांगी, मेथी, पडवळ. पडवळाच्या टोकाला खडा बांधून ते सरळ करावं हे साऱ्याच माळणींना येतं. मनकर्णाबाईला त्यापुढचं येत होतं. पंचक्रोशीत पोर जन्मलं की सव्वा महिना न्हाऊ-माखू घालायला तिला बोलावणं असे, आणि त्यात मुख्य काम डोक्याचं. कोमट तिळाचं तेल, राळ्याची मऊ उशी आणि दोन अंगठे. अंगठे कसले, सांडशीच्या पानासारखे रुंद. पण पोराच्या कपाळावर टेकले की पोर रडता रडता थांबून वर बघत राही, जणू कोणीतरी आपलं नाव घेतलं. "हाड म्हंजे काय," ती सांगायची, "सव्वा महिना कनिकच असते. मंग भाकर होते. भाकरीले कोन वळवते?"

ते अंगठे आता कुठे बघायला मिळायचे! आता पोरं जशी येतात तशीच राहतात आणि त्यालाच आपण सुधारणा म्हणतो.

ही विद्या तिला सासूकडून मिळाली. सासूचं नाव गंगूबाई. तिने सुनेला तेल किती कोमट करावं हे पहिल्या दिवशी शिकवलं नाही. आधी एकच गोष्ट शिकवली. कोणाचं पोर जन्मताना कसं होतं, वाकडं की चेपलेलं, हे मेल्यावरही सांगायचं नाही. "बाजेखालची गोष्ट बाजेखालीच. लोकं आपल्याले घरात घेतात थे हातासाठी नाही, तोंडासाठी घेतात." चाळीस-पंचेचाळीस वर्षं मनकर्णाबाईने ते पाळलं. गावातल्या प्रत्येक मिशाळ माणसाचं पहिलं डोकं तिला ठाऊक होतं, आणि म्हणूनच की काय, गावात तिला कोणी उलटून बोलत नसे.

तिची परीक्षा पाहिली ती पांढरीने.

पांढरी म्हणजे मोडून गेलेल्या जुन्या गावाची राखाडी माती. आमच्या गावाच्या उगवतीला तिची चांगली टेकडीच होती. किती जुनी, कोणाला माहीत नाही. तेजीत लोकांच्या ध्यानात आलं की ती माती वावरात टाकली की कापूस छातीइतका होतो. मग काय, बैलगाड्यांच्या रांगा लागल्या. ज्यांनी जन्मात देवळाला मातीचं ढेकूळ वाहिलं नाही, ते टेकडी वाहून नेऊ लागले. वैशाखात गावातले मोठे शेतकरी खुशालराव यांच्या गाड्या भरत होत्या. त्यांचा मुलगा सूर्यभान कुदळ मारत होता. कुदळ ठणकन वाजली. माती सारली तर दोन मोठे रांजण आडवे, तोंडाला तोंड लावून निजवलेले. एकाला भोक पडलं. आत माणसाची हाडं.

मजूर मागे सरले. सूर्यभानने धीर करून कवटी बाहेर काढली आणि सारे आणखी एक पाऊल मागे सरले. ती कवटी लांब होती. कपाळापासून मागे निघाली ती निघालीच, दुधी भोपळ्यासारखी. कोणी म्हणालं राक्षस, कोणी म्हणालं पिशाच. एवढ्यात खुशालराव आले. एक म्हातारा मजूर कवटीकडे पाही, मग मालकाकडे पाही. शेवटी त्याच्याने राहवेना.

"मालक, राग नका मानू. पन हे त तुमच्याच घरचं दिसते."

सारे हसले. खुशालराव हसले नाहीत. त्यांनी पागोटं काढलं, एक हात कवटीवर ठेवला, दुसरा स्वतःच्या डोक्यावर, आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. साऱ्या भानगडीची सुरुवात तिथे झाली.

कारण खुशालरावांच्या घराण्याची डोकी खरंच लांब होती. त्यांचं, त्यांच्या दोन्ही भावांचं, सूर्यभानचं. चारचौघांत बसले की ही चार डोकी वेगळी दिसत. पागोट्याला एक फेरा जास्त लागे. खुशालरावांना त्याचा अभिमान होता. "आमच्या घराण्याचं डोकंच तसं हाय," ते म्हणायचे आणि मान किंचित तिरकी करायचे, म्हणजे बघणाऱ्याला बाजूने बघायला मिळावं.

आठ दिवसांनी रेल्वेच्या कामावरचा एक गोरा डॉक्टर अकोल्याहून घोड्यावर आला. रूळ अजून यायचे होते, साहेब आधी आले होते. त्याला जुनी हाडं बघायचा नाद. त्याने लोखंडी चिमट्याने कवटी मापली. मग खुशालरावांना खाटेवर बसवून त्यांचंही डोकं मापलं. खुशालराव फोटोला बसावं तसे श्वास धरून बसले, फोटो म्हणजे काय हे माहीत नसताना. साहेब बरोबरच्या कारकुनाशी बोलला आणि कारकून म्हणाला, "साहेब म्हणतात, लांब डोक्याची ही एक फार जुनी जात आहे. तुमचं आणि हिचं माप जुळतं. कवटी साहेबांना हवी आहे."

"अशी कशी देऊ?" खुशालराव म्हणाले. "आजी हाय माही."

साहेब गेला. खुशालरावांनी आजीला रेशमी फडक्यात गुंडाळून देवघराशेजारी ठेवलं आणि श्रावण लागताच चावडीवर जाऊन पोळ्याचा मान मागितला.

हा मान जानरावांच्या घरचा. पोळ्याला तोरणाखालून पहिली बैलजोडी त्यांची निघायची, कारण गावात पहिला नांगर त्यांच्या पणज्याने धरला असं गाव मानत आलं होतं. खुशालरावांचं म्हणणं सरळ होतं. "जानरावचा पनजा आला तवा हे गाव बसलं. आमची आजी त्याच्या आधीच्या गावात, पांढरीत, रांजनात निजली हाय. आता सांगा, जुनं कोन?"

"आजीनं नांगर धरला होता काय गा?" जानरावांनी विचारलं.

"तुह्या पनज्याले कोनं पाह्यला धरताना?"

पंचांमध्ये वयाने सर्वांत वडील नत्थुजी. त्यांना निकाल देण्यापेक्षा भांडण ऐकणं आवडे. ते म्हणाले, "कवटी काही बोलत नाही. मंग पुसावं कोनाले?"

"मनकर्णामायले पुसा," खुशालराव छातीवर हात मारून म्हणाले. "माह्या घरची समदी डोकी तिनं जल्मताच पाह्यली. आमचं डोकं जल्मजात असं हाय का नाही, थेच सांगल. पोळ्याच्या आठ दिवस आधी बसू."

बिचाऱ्या खुशालरावांना माहीत नव्हतं. मनकर्णाबाईला होतं. पावसाने ओढ दिली होती; निरोप आला तेव्हा ती वांग्यांना पाणी देत होती. मोट थांबली तरी ती पाटावर वाकून उभीच राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडवळं न्यायच्या निमित्ताने खुशालरावांची आई पार्बताबाई मळ्यात आली. पडवळं तिने बघितलीही नाहीत. बांधावर बसली.

"मनकर्णे, काय सांगशील वं?"

"बाजेखालची गोष्ट बाजेखालीच, बाई."

"मंग खोटं सांगशील? जल्मजात हाय म्हून?"

"खोटं येत नाही मले. थेच त बिघडलं."

दोघींना एकच खोली आठवत होती. मनकर्णाबाई तेव्हा तेरा-चौदा वर्षांची नवी सून, सासूच्या मागे तेलाची वाटी धरून उभी. पार्बताबाई पहिलटकरीण. आणि बाजेवर खुशाल, एका अंगाने चेपलेला, एक कान वर, एक खाली, जसा कोणी त्याच्यावर बसून उठला असावा. पार्बताबाईची सासू मोठी तिखट. ती बाळंतिणीच्या खोलीत पाय ठेवणार होती तिसऱ्या दिवशी. पार्बताबाईने गंगूबाईचे पाय धरले. गंगूबाईने डोकं हातात घेऊन बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, गोल करायला गेलं तर वाकडेपण उघडं पडेल. लांब केलं तर झाकेल. मऊ सुती पट्टी आली. सासूला सांगितलं, वारा लागू नये म्हणून बांधली. वर्षभराने डोकं असं देखणं निघालं की तीच तिखट सासू म्हणाली, "आमच्या घरान्याचं डोकं!" झालं. मग धाकट्यांनाही बांधणं आलं, नाहीतर लोक विचारते, थोरलाच का वेगळा. सूर्यभानच्या वेळी तर मनकर्णाबाईने स्वतःच्या हाताने बांधली. अशा रीतीने घराणं तयार झालं.

"त्याचा बाप गेला तवापासून एवढा खुश मी त्याले पाह्यला नाही," पार्बताबाई पदराशी खेळत म्हणाली. "रोज त्या कवटीले राम राम करते. अन् सांगून ठेवते, मनकर्णा उलटं बोलली त रुख्मिणीच्या बाळंतपनाले अचलपूरची सुईन आनतो. हिचा पाय माह्या घरात नाही."

रुख्मिणी म्हणजे सूर्यभानची बायको. आठवा लागला होता. कृश पोरगी, पहिलीच वेळ, माहेर लांब. मनकर्णाबाईने तिच्या पोटावर हात ठेवून सांगितलं होतं, मी आहे. पोर आडवं होतं. आठवड्यातून दोनदा जाऊन ती ते हळूहळू फिरवत होती.

"अचलपूरची बाई येईपर्यंत पोरगी राहील काय?" ती एवढंच म्हणाली.

पार्बताबाई उठली. पडवळं तिथेच राहिली.

चावडीवर त्या दिवशी जागा नव्हती. बाया दाराबाहेर पदर डोक्यावर घेऊन दाटीने उभ्या. खुशालरावांनी रेशमी फडकं सोडलं. मनकर्णाबाई खाली मांडी घालून बसली, कवटी मांडीवर घेतली, आणि डोळे मिटले. पोर घेताना मिटायची तसेच.

अंगठे कपाळावरून निघाले. मागे गेले. थांबले. पुन्हा पुढे आले, कानामागून खाली उतरले. तिच्या तोंडावर आधी नवल आलं, मग हळूहळू असं काहीतरी आलं, जसं लांबच्या बाजारात आपल्या गावची बाई भेटावी.

"हे डोकं जल्मजात नाही," ती म्हणाली. "याले पट्टी बांधली."

"काय?" खुशालराव म्हणाले.

"हे पाहा, नत्थुजी, बोट लावा. इथून गेली पट्टी, कपायावरून. हाड दबलं हाय, नाली पडली. इकून कानामागून. दोनतीन वर्सं तरी बांधली. लय निगुतीनं बांधली, कुठी वाकडी नाही." तिचा अंगठा मागे एका जागी अडला. "अन् इथं गाठ. रोज एकाच जागी मारली, म्हून खळी पडली. येवढं मातर चुकलं बाईचं. गाठ फिरवून मारा लागते."

नत्थुजींनी बोट लावलं. जानरावांनीही लावलं. सगळ्यांना ती खळी लागली. किती हजार वर्षांपूर्वीची कोण बाई, तिची चूक भर चावडीत पकडली गेली.

"म्हंजे हिची जात वेगळी नोती?" नत्थुजींनी विचारलं.

"जात कायची? तुमच्यासारखीच गोल जल्मली असन. कोनाले तरी लांब डोकं सुंदर वाटलं. मायनं रोज मांडीवर घेऊन बांधलं. लाडाची पोरगी हाय ही, दुसरं काही नाही."

जानराव टुणकन उभे राहिले. "मंग खुशालरावच्या घरची डोकी कशी लांब? थे सांगा ना आता!"

सारी चावडी मनकर्णाबाईकडे वळली. तिने कवटी फडक्यात ठेवली. फडक्याची टोकं नीट जुळवली. त्यात बराच वेळ घालवला.

"मले हिचं पुसलं, मी सांगतलं. हिची माय आता रागावाले येत नाही. जित्या मायचं मी नाही सांगत."

बोलून गेली आणि तिच्या लक्षात आलं, काय बोलून गेली. पंचेचाळीस वर्षं झाकलेलं भांडं, आणि झाकण पुन्हा घट्ट लावायला गेली तर हातातच आलं. नत्थुजींच्या भुवया वर गेल्या. खुशालरावांचा चेहरा आधी काही कळेना असा झाला, मग लाल झाला.

"म्हंजे काय? मनकर्णामाय, काय म्हनून राह्यली तू?"

ती फडक्याची गाठ मारू लागली. खाली मान. खुशालरावांनी पुन्हा विचारलं, आवाज चढवून. "तुले पुसून राह्यलो ना मी! माह्या घराचा उंबरा बंद करीन जल्मभर!"

"तिच्यावर काहून ओरडतं?" दारातून आवाज आला. बाया बाजूला झाल्या. पार्बताबाई उंबऱ्यात उभी होती. पुरुषांच्या चावडीत ती त्या दिवशी पहिल्यांदा बोलली, आणि बोलली ती डोक्यावरचा पदर न ढळू देता. "माह्यावर ओरड. मी बांधवून घेतली पट्टी. तुह्ये डोकं एका अंगानं चेपलं होतं, अन् तुह्या आजीची जीभ लय लांब होती. तिची जीभ चुकवाले तुह्ये डोकं लांब केलं. मंग तुह्या भावाइचं, मंग सूर्यभानचं. घरानं म्हंतं थे माह्या लुगड्याची किनार होती."

क्षणभर कोणी हसलं नाही, हे गावाचं मोठेपण. मग नत्थुजींच्या पोटात काहीतरी हललं, आणि ते हलणं बाकीच्यांपर्यंत गेलं.

खुशालराव कवटी घेऊन निघाले. घरी नाही गेले. सरळ पांढरीवर. रांजणाच्या जागेत ती परत ठेवली, वर माती लोटली आणि गाड्या दुसऱ्या अंगाने लावायला सांगितलं. आजी नसली तरी कोणाची तरी होती, एवढं त्यांना कळत होतं.

पोळ्याला मानाची जोडी जानरावांचीच निघाली. झडत्या, म्हणजे पोळ्याची चढाओढीची कवनं, म्हणताना एका टारगटाने म्हणून घेतलंच:

"पांढरीत सापडली लांब कवटी,
मालक म्हने हे माही आजी,
माय म्हने रे थांब लेका,
पट्टी बांधली मीच तुले ताजी!
हर हर महादेव!"

पोळा भरलेलं सारं आखर हसलं. मनकर्णाबाई आखरावर गेली नव्हती. ती मळ्यात बसून मोजत होती. रुख्मिणीच्या आठव्याचे किती दिवस गेले, बाळंतपणाला किती उरले. त्या दिवसापासून तिला बोलावणं आलं नव्हतं. पोर सरळ झालं की पुन्हा आडवं झालं, कळायला मार्ग नव्हता. पार्बताबाई नदीवर दिसली की लांबूनच मान हलवायची, नाही म्हणून. अचलपूरला माणूस गेला, असं कोणीतरी सांगितलं. मेथी खुडताना तिच्या अंगठ्यांची चुळबूळ होई. हातांना काम नसलं की हात माणसाला कसे जड होतात, ते तिला पहिल्यांदा कळलं.

एका सकाळी, दहिवर वाळायच्या आत, कुंपणापाशी कोणीतरी उभं दिसलं. खुशालराव. पागोटं नीट नव्हतं. एक फेरा कमी होता.

"मनकर्णामाय."

तिने विळा खाली ठेवला.

"रुख्मिणीले पहाटपासून कळा लागल्या. अचलपूरची बाई कालपासून घरी बसली हाय. म्हंते पोर आडवं हाय, तिच्याच्यानं नाही होत." ते थांबले. कुंपणाची एक काडी मोडली. "माय म्हने, तुले बोलावाले मीच गेलं पाह्यजे. गडी धाडू नको."

मनकर्णाबाईने नदीवर जाऊन हात कोपरापर्यंत धुतले. निघाली. खुशालराव तिच्या मागून चालत होते, गावात कधी कोणी त्यांना कोणाच्या मागून चालताना पाहिलं नव्हतं. अर्ध्या वाटेवर ते म्हणाले, "माय, मी खरंच एवढा चेपेल होतो?"

"झपाझप चाल, खुशाल्या," ती म्हणाली.

पंचेचाळीस वर्षांत तिने त्यांना तसं हाकारलं नव्हतं. ते झपाझप चालले.

दारात पार्बताबाई उभी होती. मनकर्णाबाई आत गेली. दार खुशालरावांच्या तोंडावर बंद झालं. ते ओट्यावर बसले. ऊन वर आलं. आतून कण्हणं, मग मनकर्णाबाईचं हळू हळू बोलणं, मग पुन्हा कण्हणं. जानराव बैल पाण्यावर नेत होते. त्यांनी पाहिलं, थांबले, बैल लिंबाला बांधले आणि येऊन शेजारी बसले. कमरेची तंबाखूची पिशवी काढून पुढे केली. खुशालरावांनी घेतली. दोघंही त्या बंद दाराकडे बघत बसले, दोन घराण्यांचे दोन कर्ते.

दुपार कलताना आत एकदम शांत झालं. फार शांत. जानरावांचा हात चुन्याच्या डबीवरच राहिला. आणि मग रडू आलं, बारीक, रागीट, थांबायचं नाव न घेणारं.

दार बोटभर उघडलं. "पोरगी झाली," पार्बताबाई म्हणाली. तिचा आवाज ओला होता. "रुख्मिणी बरी हाय. दोघी बऱ्या हायत."

खुशालराव उठले. जानरावही उठले. आणि दोघांनी एकाच वेळी, भाऊ-भाऊ असल्यासारखं, विचारलं:

"डोकं कसं हाय?"

आतून मनकर्णाबाईचा आवाज आला, दमलेला, पण टणक.

"मानेवर हाय!"

आणि दार लागलं.